न्हाण, शाळा आणि मौन : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात किशोरवयीन आरोग्यशिक्षणाचा इतिहासविचार

१

शाळांतून मुलामुलींना लैंगिक आरोग्याचे शिक्षण द्यावे किंवा नाही, हा वाद आपल्याकडे अलीकडचा मानला जातो. एड्सच्या साथीबरोबर तो आला, परदेशी संस्थांनी तो आणला, असे त्याचे विरोधक म्हणतात. आणि समाज आजवर या विषयावर मूकच होता, आता प्रथमच तो बोलू लागला आहे, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गृहीत आहे : पूर्वी या विषयाला वाणी नव्हती. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी करावयाची आहे.

लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे. विवाहाचे वय वाढविणारे कायदे आणि मुलींच्या शिक्षणाचा विस्तार, या दोन प्रवाहांनी मिळून ऋतुप्राप्ती आणि विवाह यांच्या दरम्यान काही वर्षांचा एक नवा कालखंड निर्माण केला. ऋतुप्राप्तीविषयी बोलण्याची जी कौटुंबिक रीत पूर्वी होती, ती या ओघात लोपली. आणि ज्या शाळेने मुलीला नेमक्या त्या वर्षांत आपल्या छपराखाली घेतले, तिने त्या रीतीच्या जागी दुसरी रीत घातली नाही. आज ज्याला आपण परंपरेचे मौन म्हणतो, त्यातील बराचसा भाग अशा प्रकारे आधुनिक काळाचीच निर्मिती आहे.

या विचारासाठी भंडारा जिल्हा निवडण्यास कारणे आहेत. हा प्रदेश दीर्घकाळ मध्यप्रांतात होता. १९५० नंतर मध्य प्रदेश राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके उरले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. धानाची शेती, मालगुजारी तलाव, कोशाचे विणकाम आणि घरोघर चालणारे विडीकाम ही त्याची जुनी ओळख. पुणे-मुंबईच्या सुधारणावादाच्या इतिहासात या मुलखाचे नाव सहसा येत नाही. तथापि प्रस्तुत विषयाचे काही महत्त्वाचे धागे याच मुलखातून, किंवा त्याच्या अगदी शेजारून गेलेले दिसतात.

२

प्रथम जुन्या रीतीचा विचार करू. ज्या जातींत बालविवाह रूढ होता, त्यांत मुलीला पहिले न्हाण आले म्हणजे ती वार्ता लपविली जात नसे. मुलीला मखरात बसवीत, सुवासिनी तिची ओटी भरीत, गोडधोड होई, गाणी होत. त्यानंतर गर्भाधानाचा अथवा ऋतुशांतीचा विधी ठरे, आणि सासरी मुलीचा संसार सुरू होई. हा प्रकार सर्व जातीजमातींत सारखा नव्हता. पूर्व विदर्भातील गोंडादी समाजांच्या चालीरीती निराळ्या होत्या आणि त्यांचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. परंतु ज्या समाजात मखराची चाल होती, तेथे ऋतुप्राप्ती ही जाहीर घटना होती, तिला शब्द होते, आणि त्या शब्दांची राखण करणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रिया होत्या.

या रीतीचा गौरव करण्याचे काही कारण नाही. ती वार्ता जाहीर होई ती मुलीच्या हितासाठी नव्हे. मुलगी पतीच्या स्वाधीन करण्यास योग्य झाली, एवढेच त्यातून सांगावयाचे असे. दहा-बारा वर्षांच्या देहाला त्यापुढे काय सोसावे लागेल, याचा विचार त्या उत्सवात नव्हता. शिवाय जिची ओटी भरली, तीच मुलगी दर महिन्याला विटाळशी म्हणून बाजूला बसविली जाई. गौरव आणि अस्पृश्यता एकाच घटनेच्या दोन बाजू होत्या. एवढे मान्य करूनही एक गोष्ट उरते : त्या मुलीला आपल्या शरीरात काय घडले याचे नाव तरी ठाऊक होते, आणि ते विचारण्याजोगे माणूस घरात होते.

मुलग्यांसाठी अशी कोणतीही रीत नव्हती. मुंजीचा संस्कार काही जातींपुरताच होता, आणि तोही देहाच्या वाढीशी जोडलेला नव्हता. मुलगा वयात येणे ही कुटुंबाच्या दृष्टीने घटनाच नव्हती. पुढे शासनाच्या योजनांतही मुलग्याचे स्थान अस्पष्ट राहिले, त्याचे मूळ कदाचित येथे शोधता येईल.

३

यानंतर कायद्याचा क्रम पाहावा लागतो. १८६० च्या दंडसंहितेने संमतिवय १० वर्षे ठरविले होते. १८९१ मध्ये ते १२ झाले. त्या वादात गर्भाधानविधी हाच केंद्रबिंदू होता. ऋतुप्राप्तीनंतर हा विधी ठरावीक दिवसांत झालाच पाहिजे, म्हणून नवा कायदा धर्मात हात घालतो, असा विरोधकांचा पक्ष होता. लोकमान्य टिळकांनी कायद्याला विरोध केला. आगरकर आणि डॉ. रा. गो. भांडारकर दुसऱ्या बाजूस होते, आणि भांडारकरांनी तर धर्मग्रंथांच्याच आधारे विलंबाची अनुज्ञा दाखवून दिली.

या वादाचा पुढचा टप्पा मध्यप्रांताशी विशेष निगडित आहे. सागरचे डॉ. हरिसिंग गौर यांनी केंद्रीय विधानसभेत संमतिवय वाढविण्यासाठी विधेयके मांडली. १९२५ मध्ये हे वय विवाहांतर्गत १३ आणि विवाहबाह्य १४ असे झाले. त्यानंतर १९२८ मध्ये सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी होते. मध्यप्रांत सरकारचे गृहसदस्य म्हणून त्यांनी पूर्वी काम पाहिले होते. समितीचा अहवाल १९२९ मध्ये आला आणि त्याच वर्षी शारदा कायदा संमत झाला. १ एप्रिल १९३० पासून मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरले. १९४९ मध्ये मुलीचे वय १५, आणि १९७८ मध्ये मुलीचे १८ व मुलाचे २१ झाले. २०१२ च्या बालसंरक्षक कायद्याने, म्हणजे पॉक्सोने, १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली. अखेर ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीच्या बाबतीतही १८ हीच मर्यादा घातली.

दहापासून अठरापर्यंतचा हा प्रवास सुमारे दीडशे वर्षांचा आहे, आणि आधुनिक भारतातील स्त्रीमुक्तीच्या इतिहासातील तो एक मोठा विजय आहे यात शंका नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्याचा एक अनपेक्षित परिणामही टिपला पाहिजे. न्हाण येताच सासरी जाणारी मुलगी आता पाच-सहा वर्षे, पुष्कळदा त्याहूनही अधिक, माहेरीच राहू लागली. अविवाहित मुलीच्या ऋतुप्राप्तीचा डंका पिटणे कोणत्याही कुटुंबास सोयीचे नव्हते. मखर गेले, गाणी गेली. विटाळ मात्र राहिला. जी घटना जाहीर होती ती लपविण्याची झाली, आणि “कावळा शिवला” यासारख्या आडून बोलण्यापलीकडे घरात शब्द उरला नाही.

याच वर्षांत मुलगी शाळेत होती. १९८५-८६ पासून महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत मोफत शिक्षण मिळू लागले. १९९६-९७ पासून ग्रामीण मुलींना शाळेसाठी एस. टी.चा मोफत प्रवास मिळाला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराच्या आत झालेला आढळला. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच कमी आहे. म्हणजे कायद्याने निर्मिलेला हा मधला कालखंड ज्या प्रदेशात खऱ्या अर्थाने अस्तित्वात आला, त्यांत भंडाऱ्याची गणना करावी लागते. म्हणूनच त्या कालखंडात शाळेने काय केले, हा प्रश्न येथे विशेष अर्थाने विचारता येतो.

४

शाळेने काय केले हे समजण्यासाठी, शाळेबाहेर ज्यांनी उत्तरे देण्याचा प्रयत्न केला त्यांचे काय झाले, हे पाहणे उपयुक्त ठरेल. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. आपल्या मतांपायी त्यांना १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले व १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. पित्याने स्त्रीच्या विद्येचा प्रश्न हाती घेतला, पुत्राने तिच्या देहाचा; समाजाने पहिल्याला कालांतराने मान दिला, दुसऱ्याला दंड केला.

१९३१ मध्ये एका लेखावरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला होऊन त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ चा दुसरा खटला आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो लेखावरून नव्हता. वाचकांनी खाजगी अडचणींविषयी पाठविलेले प्रश्न आणि कर्व्यांनी त्यांना दिलेली उत्तरे, हाच तेथे अपराध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. ज्या नियतकालिकाचा विषयच लैंगिक आरोग्य आहे, त्याच्याकडे वाचकाने शंका विचारली तर तिचे उत्तर द्यावयाचे नाही काय, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. न्यायालयास तो पटला नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत आंबेडकरांच्या पक्षातर्फे संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला, तोही नामंजूर झाला.

याच आंबेडकरांनी १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली व तीत त्यांचा पराभव झाला. ती निवडणूक प्रस्तुत विषयावर लढविली गेली नव्हती, आणि तिचा या विषयाशी ओढूनताणून संबंध जोडणे योग्य होणार नाही. परंतु भंडाऱ्यात आंबेडकरांचे स्मरण होते ते राजकीय व सामाजिक नेते म्हणून. शंकेला उत्तर मिळण्याच्या हक्काचे वकील म्हणून त्यांचे स्मरण होत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या खटल्याची आणखी एक बाजू नोंदविली पाहिजे. ‘समाजस्वास्थ्य’चा वाचक साक्षर, प्रौढ आणि बहुतांशी पुरुष होता. भंडाऱ्याकडच्या खेड्यातील तेरा वर्षांची मुलगी त्या प्रश्नोत्तरांच्या कक्षेत कधीच आली नाही. शकुंतलाबाई परांजपे यांच्यासारख्या एखाद्या लेखिकेचा अपवाद सोडल्यास, या चर्चेत स्त्रीचा आवाज विरळच राहिला.

५

स्वातंत्र्यानंतर शासनाने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. कर्व्यांची भूमिका आता राजमान्य झाली, असे वरवर दिसते. परंतु तो कार्यक्रम विवाहित जोडप्यांसाठी होता, आणि त्याचे ध्येय लोकसंख्येचे होते. अविवाहित किशोर-किशोरींचे त्यात स्थान नव्हते.

यातील उणीव किती खोल आहे, हे भंडाऱ्याला दक्षिणेकडे लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्याने दाखवून दिले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन खेड्यांत १३ वर्षांपुढील ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळले, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्क्यांच्या आसपास होत्या. दुखणे होते, पण ते सांगण्याची भाषा आणि ऐकणारे माणूस नव्हते. स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ गर्भारपण व बाळंतपण नव्हे, हा विचार १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्याविषयक परिषदेत जगन्मान्य झाला. त्याच्या पूर्वपीठिकेत या अभ्यासाला मानाचे स्थान आहे. डॉ. राणी बंग यांनी पुढे ‘तारुण्यभान’ या नावाने तरुण मुलामुलींसाठी शिबिरे सुरू केली. येथे उत्तर देणाऱ्या स्त्री-डॉक्टर होत्या, आणि मुलगे व मुली दोघेही श्रोते होते. या दोन्ही गोष्टी ‘समाजस्वास्थ्य’च्या काळाहून पुढच्या होत.

शाळेत मात्र घडले ते निराळे. २००५ मध्ये केंद्र शासनाच्या शिक्षण खात्याने व राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. २००७ मध्ये त्यातील चित्रांवरून महाराष्ट्र विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने तो शाळांतून मागे घेतला. इतर काही राज्यांनीही तेच केले. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांतून असे शिक्षण देऊ नये, असे मत दिले. १९३४ मध्ये न्यायालयाने एका व्यक्तीला जे सांगितले, तेच २००७ मध्ये विधिमंडळाने साऱ्या शाळांना सांगितले. आक्षेपांपैकी काही विचारात घेण्याजोगे होते. चित्रे तयार करताना शिक्षक-पालकांना विश्वासात घेतले गेले नव्हते, आणि साऱ्या विषयावर रोगाच्या भीतीची छाया होती. परंतु चित्र सदोष असेल तर ते सुधारावे, हा मार्ग मोकळा असताना विषयच बाजूला सारला गेला.

विषय पूर्णपणे गेला असेही नाही. २०१८ मध्ये आलेल्या इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात मानवी प्रजनन व ऋतुचक्र यांचे विवेचन आहे. पण मुलीला पाळी येते ती बहुधा बाराव्या ते चौदाव्या वर्षी, म्हणजे सातवी ते नववीच्या सुमारास. घटना आधी आणि धडा नंतर, असा हा क्रम आहे. शिवाय तो धडा इंद्रियांची रचना सांगतो. संकोच, संमती, सन्मान, छेडछाड, मुलग्याच्या मनातील भय, यांविषयी तो काही सांगत नाही, आणि विज्ञानाच्या धड्याकडून तशी अपेक्षाही करता येत नाही.

६

आजच्या व्यवस्थेकडे या इतिहासाच्या प्रकाशात पाहिले म्हणजे तिचे बल आणि तिची उणीव दोन्ही दिसतात. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही दोन्ही त्यांच्याकडे असल्याने, शिक्षण आणि आरोग्य एकत्र आणण्याची सोय भंडाऱ्यात साठ वर्षांहून अधिक काळ आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथके शाळांत जाऊन तपासणी करतात; शाळांतून मुलामुलींना आठवड्याला लोहाची गोळी दिली जाते. २०१८ च्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत सॅनिटरी नॅपकिनचे पाकीट देण्याची तरतूद होती. या योजना उपकारक आहेत. पण त्या वस्तूंच्या योजना आहेत. गोळी मुलगा व मुलगी दोघांनाही मिळते, शब्द दोघांनाही मिळत नाही.

आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून नेमावयाचे आहेत. त्याच्या अभ्यासक्रमात स्त्री-पुरुष समता आणि प्रजनन आरोग्य हे विषय आहेत. कागदावर हे योग्य दिशेचे पाऊल आहे. तथापि शिक्षकाच्या वाटेत एक अडचण आहे, तिचा उच्चार क्वचित होतो. पॉक्सो कायद्याप्रमाणे अल्पवयीनाच्या लैंगिक शोषणाची माहिती ज्याला मिळेल, त्याने ती कळविणे बंधनकारक आहे. मुलांच्या रक्षणासाठी हे आवश्यकच आहे. पण कायद्याची नीट ओळख करून न दिल्यास शिक्षक ऐकण्यालाच भितो, आणि न ऐकणे हे त्याला सर्वांत सुरक्षित वाटते. दुसरीकडे ज्या बालकाला आपल्या अवयवाचे नाव घेता येत नाही, त्याला अत्याचाराची तक्रार कशी करता येणार? सप्टेंबर २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने लैंगिकताशिक्षणाविषयीचे गैरसमज दूर करण्याची गरज प्रतिपादिली, तिचा संबंध याच प्रश्नाशी आहे.

स्त्री-पुरुष समतेची दृष्टी या विषयात का हवी, याचे एक स्थानिक उदाहरण सिकलसेलचे आहे. हा रक्तदोष पूर्व विदर्भात आढळतो, आणि राज्याच्या सिकलसेल नियंत्रण कार्यक्रमात भंडारा जिल्ह्याचा समावेश आहे. माता व पिता दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी अपत्याला आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. हे गणित दोघांचे आहे. एकट्या मातेमुळे ते घडत नाही. परंतु जेथे अपत्याच्या प्रत्येक व्यंगाचा ठपका सुनेवर ठेवण्याची सवय आहे, तेथे तपासणीचा कागदही मुलीच्या विवाहातील अडथळा ठरण्याचा धोका राहतो. मुलग्याला आणि मुलीला एकाच वर्गात, एकाच वेळी हे गणित समजावून देणे, हे आरोग्यशिक्षण आहे आणि न्यायशिक्षणही आहे.

७

या विवेचनावरून एक निष्कर्ष काढता येईल. शालेय लैंगिकताशिक्षणाने आपली परंपरा मोडते, हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. परंपरेने या विषयाला स्थान दिले होते, ते विषम होते आणि पुष्कळदा क्रूर होते. आपण ते स्थान काढून घेतले, हे योग्यच केले. पण रिकामी जागा तशीच ठेवली. शाळेने ती भरावी, ही मागणी म्हणजे आपल्याच सुधारणेचा अपुरा राहिलेला भाग पुरा करण्याची मागणी आहे.

हा निष्कर्ष अधिक पक्का करावयाचा तर साधनांचा शोध घेतला पाहिजे, आणि ती साधने भंडाऱ्यातच आहेत. प्रत्येक जुन्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. त्यात विद्यार्थ्याची जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण नोंदलेले असते. मुली कोणत्या वयात, कोणत्या इयत्तेतून, काय कारण सांगून शाळेबाहेर गेल्या, हे दशकादशकांनी मांडता येईल. “घरकामामुळे”, “सततची गैरहजेरी” अशा मोघम शब्दांआड काय दडले आहे, हे त्याच गावांतील वृद्ध स्त्रियांच्या आठवणी टिपून घेतल्यास उलगडू शकेल. मुलग्यांच्या गळतीशी त्याची तुलना केल्यास लिंगभेदाचे स्वरूपही स्पष्ट होईल.

ही रजिस्टरे वाळवीच्या आणि दमट कपाटांच्या स्वाधीन आहेत. ज्या स्त्रियांना मखराची चाल आपल्या आई-आजीकडून ऐकून ठाऊक आहे, त्याही आता थोड्याच उरल्या आहेत. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील एकेक शाळा जरी घेतली, तरी सात तालुक्यांचा एक विश्वसनीय आराखडा काही वर्षांत उभा राहील. तो उभा राहिला म्हणजे भंडाऱ्याच्या मुलीने शाळेत असताना कोणता प्रश्न विचारला नाही, आणि का विचारला नाही, याचे उत्तर देण्यास आपण आजच्यापेक्षा अधिक पात्र ठरू.